खिडकी-दारांच्या जाळ्या आखताना: सुरुवात कडेपासून करा

नवी कोरी जाळी बसवून चार दिवस झाले होते आणि डास पूर्वीइतकेच होते. ज्यांनी जाळी बसवली त्यांना फोन केला, तर उत्तर आलं, "मॅडम, माल एक नंबर आहे, जाळीतून डास जाऊच शकत नाही." शेवटी रात्री नवऱ्याला खोलीत अंधार करून बसवलं आणि मी बाहेरच्या गॅलरीतून खिडकीच्या कडेकडेने बॅटरी फिरवली. आतून आवाज आला, "थांब, थांब! खाली डावीकडे उजेड दिसतोय. आणि मधल्या उभ्या पट्टीपाशी तर सरळ रेघच दिसतेय." म्हणजे माल खरोखरच एक नंबर होता. जाळीतून एकही डास येत नव्हता. सगळे तिच्या कडेने येत होते.

त्यानंतर ठाण्याच्या आमच्या फ्लॅटच्या आणि गुहागरकडच्या सासरच्या कौलारू घराच्या मिळून बऱ्याच जाळ्या मी केल्या किंवा शेजारी उभं राहून करून घेतल्या. पहिल्यांदाच या कामात पडणाऱ्यांसाठी हा लेख आहे. तुम्ही जाळी स्वतः करा किंवा अ‍ॅल्युमिनियमवाल्याला सांगा, आखणी तुमची हवी. तो खिडकी पाहून जाईल, त्या खिडकीपाशी राहायचं तुम्हाला आहे.

पायरी १: दोन-तीन दिवस नुसतं बघा

मोजपट्टी नंतर. आधी कागद घ्या आणि प्रत्येक खोलीसाठी लिहा: कोणते किडे येतात, कधी येतात, ही खिडकी दिवसातून किती वेळा आणि कशासाठी उघडली जाते.

संध्याकाळी सहाला खिडक्या लावून घ्यायची सवय आपल्याकडे जुनी आहे. पण डेंग्यू पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो, सकाळी आणि मावळतीच्या आधी जास्त. मलेरियाचा अ‍ॅनॉफेलिस संध्याकाळपासून पहाटेपर्यंत फिरतो. गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये वाढणारा क्युलेक्स रात्री कानाशी गुणगुणतो. म्हणजे फक्त संध्याकाळी ओढून घ्यायची जाळी अर्ध्याच कामाची. जी खिडकी दिवसभर उघडी असते, तिची जाळीही दिवसभर जागेवर राहील अशी हवी.

वापराचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून सासूबाई रोज कावळ्याला घास ठेवतात. तिथे मी आधी पक्की जाळी ठोकली होती. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "अगं, आता मी घास ठेवायचा कुठून?" आठवड्याने जाळीचा खालचा कोपरा उचकटलेला दिसला. कुणी उचकटला ते मी विचारलं नाही. बिजागरीवर उघडणारी जाळी करून दिली, ती अजून टिकून आहे. कपडे वाळत घालायची खिडकी, फुलझाडांना पाणी घालायची खिडकी, खालच्या दूधवाल्याशी बोलायची खिडकी: यांना पक्की जाळी लावलीत तर घरातलंच कुणीतरी ती काढून टाकणार.

आणखी एक गोष्ट याच दोन दिवसांत तपासा. मनी प्लांटची बाटली, फ्रिजमागचा पाण्याचा ट्रे, कूलर, कुंड्यांखालच्या ताटल्या. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. घरातच डास जन्मत असतील तर जाळीने उलटंच होतं, आत जन्मलेला डास बाहेर जात नाही. आठवड्याचा कोरडा दिवस पाळा, म्हणजे साठलेलं सगळं पाणी ओतून भांडी कोरडी करा, मग जाळीवर पैसे घाला.

पायरी २: जाळीचा आकडा समजून घ्या

दुकानात 'बारीक जाळी द्या' म्हणू नका, आकडा विचारा. डासांसाठी सर्रास मिळणारी जाळी '१८ बाय १६' असते. म्हणजे एका इंचात एका दिशेने १८ आणि दुसऱ्या दिशेने १६ घरं.

हा हिशेब एकदा हाताने करून बघण्यासारखा आहे. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. १८ ने भागलं की एका घराला धाग्यासकट १.४१ मिमी येतात. फायबरग्लासच्या धाग्याची जाडी साधारण ०.२८ मिमी असते, ती वजा केली की भोक उरतं १.१३ मिमीचं. दुसऱ्या दिशेला तसंच १.३१ मिमी. डासाला एवढं बस होतं, त्यातून तो शिरू शकत नाही. आता उघडी जागा बघा: भोकाचं क्षेत्रफळ भागिले अख्ख्या घराचं क्षेत्रफळ, उत्तर साधारण ६६ टक्के. म्हणजे जाळी लावल्या क्षणी खिडकीचा एकतृतीयांश भाग धाग्याने झाकला गेला. वारा मंद असेल त्या दिवशी हे नक्की जाणवतं.

म्हणूनच 'जितकी बारीक तितकी चांगली' हे खरं नाही. बारीक जाळीत धूळ लवकर अडकते, पावसाचे थेंब भोकांत पडद्यासारखे धरून राहतात आणि मे महिन्यात खोलीची भट्टी होते. बारीक जाळी खरी गरज असेल तिथेच घ्या. ती गरज कुठे पडते? कोकणात ज्यांना आम्ही चिलटं म्हणतो ती जिथे हैराण करतात तिथे, आणि सँडफ्लाय म्हणजे वालुमाशी असेल तिथे. वालुमाशी डासाच्या साधारण एकतृतीयांश आकाराची असते आणि डासांच्या जाळीतून आरामात आत येते. मातीच्या भिंतींच्या भेगा, गोठा अशा जागी ती राहते. चांदीपुरा विषाणू तिच्यामार्फत पसरतो. त्याचं नाव १९६५ साली नागपूर जिल्ह्यातल्या ज्या गावात तो सापडला त्या गावावरून पडलं. गोठ्याला लागून घर असेल आणि घरात लहान मुलं असतील तर झोपायच्या खोलीपुरती जाळी पाऊण मिलिमीटरपेक्षा बारीक भोकाची घ्या, आणि भेगा लिंपून घ्या. बाकी खोल्यांना १८ बाय १६ पुरे.

आता जाळी कशाची घ्यायची. नायलॉनची स्वस्त असते, पण उन्हात कडक होऊन फाटते, आणि अगरबत्ती किंवा पणती जवळ गेली की भोक पडतं. दिवाळीत आकाशकंदिलाची वायर ओढताना कुणीतरी हमखास हे करतं. फायबरग्लास म्हणजे काचेच्या धाग्यावर पीव्हीसीचा थर. गंजत नाही, कापायला सोपी, नवशिक्याने हीच घ्यावी. तिचा एक दोष आहे: एकदा जोरात घडी पडली की ती रेघ जात नाही, त्यामुळे दुकानातून गुंडाळीच आणा. उंदीर आणि खारी ती कुरतडतात. तळमजला, कोठीची खोली, झाडाला लागून असलेली खिडकी इथे स्टेनलेस स्टीलची घ्या. समुद्राजवळ राहत असाल तर ३०४ प्रतीच्या स्टीलवरही काही वर्षांत चहासारखे डाग उमटतात, तिथे ३१६ मागा. आणि गॅल्वनाइज्ड लोखंडी जाळी किनाऱ्यावर अजिबात नको. गुहागरच्या घरी माझ्या आधी बसवलेली होती, ती काढताना हातात भुगा आला.

रंग काळा किंवा गडद करडा घ्या. पांढरी जाळी उजेड स्वतःवरच धरते आणि बाहेरचं धूसर दिसतं. काळी जाळी दोन दिवसांनी दिसेनाशी होते. घरातले वडीलधारे 'काळं कशाला' म्हणतील, त्यांना दोन तुकडे खिडकीवर धरून दाखवा.

पायरी ३: जाळी कुठे बसणार आणि कशी उघडणार

आपल्याकडे खिडक्या मुख्यतः दोन तऱ्हेच्या. जुन्या घरांत लाकडी झडपा बाहेर उघडतात आणि गज किंवा ग्रील आतल्या बाजूला असतं. इथे जाळी आतूनच बसणार. मग झडपेची कडी लावायला हात बाहेर कसा घालणार? म्हणून ही जाळी आत उघडणारी, बिजागरीवरची हवी. शिवाय ती उघडताना पडद्याच्या दांडीला अडकते का, खाली टेबल आहे का, हे आधी पुठ्ठा धरून बघा.

दुसरी तऱ्हा फ्लॅटमधली अ‍ॅल्युमिनियमची सरकती खिडकी. तीन ट्रॅकची, म्हणजे सरकायच्या तीन समांतर रुळांची, असेल तर दोन काचा आणि एक जाळीचं शटर. दोनच ट्रॅक असतील तर आतून वेगळी चौकट लावावी लागते. सरकत्या खिडकीची एक खोड मात्र सगळ्यांनी समजून घ्यावी, कारण माझे डास तिथूनच येत होते.

काच पूर्ण एका बाजूला सरकवली की जाळीच्या शटरची उभी पट्टी आणि काचेची उभी पट्टी एकमेकींसमोर येतात. त्यांच्यामधली फट ब्रशने, म्हणजे कडेला लावलेल्या केसाळ पट्टीने, बुजते. आता काच अर्धीच उघडा. काचेची पट्टी पुढे सरकली, जाळीची तिथेच राहिली. दोन्हींच्या मधे ट्रॅकच्या जाडीएवढी, बोट जाईल अशी उभी गल्ली तयार झाली, वरपासून खालपर्यंत. जाळी खिडकी झाकून उभी आहे आणि डास तिच्या शेजारून, काचेला वळसा घालून आत येतोय. थंडीत आपण सगळेच काच चार बोटं उघडी ठेवतो आणि म्हणतो, जाळी आहे की! तीन ट्रॅकच्या खिडकीला नियम एकच: काच एकतर पूर्ण उघडायची नाहीतर पूर्ण बंद. हे घरात जमणार नसेल तर अख्ख्या खिडकीला आतून एकच वेगळी चौकट करा.

चिकटपट्टीची जाळी, म्हणजे चौकटीला एक पट्टी चिकटवायची आणि जाळीच्या कडेची दुसरी पट्टी तिच्यावर दाबून बसवायची, ही भाड्याच्या घरात उत्तम. भोक पाडावं लागत नाही. फक्त चिकटवण्याआधी चौकट साबणाने पुसा, पूर्ण वाळू द्या, आणि भर पावसाळ्यात हे काम काढू नका, दमट चौकटीवर पट्टी धरत नाही. गुंडाळणारी आणि घड्यांची जाळी दिसायला देखणी असते, पण घड्यांची जाळी आतल्या दोऱ्यांच्या ताणावर उभी असते. बाराव्या मजल्यावरच्या वाऱ्यात किंवा घरात तीन वर्षांचं मूल असताना मी ती घेणार नाही.

पायरी ४: मोजमाप

रुंदी तीन ठिकाणी मोजा: वर, मधे, खाली. उंचीही तीन ठिकाणी. मग दोन्ही कर्ण. फॅब्रिकेटर, म्हणजे चौकट बनवून देणारा, इंच आणि सुतात बोलेल. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, साधारण तीन मिलिमीटर. तुम्ही मिलिमीटरमध्ये लिहा आणि त्यालाही मिलिमीटरमध्येच लिहून द्या, तोंडी सांगू नका. 'सत्तेचाळीस इंच दोन सूत'चं 'सत्तेचाळीस' व्हायला वेळ लागत नाही.

आमच्या एका खिडकीचं उदाहरण घेऊ. रुंदी वर ११८०, मधे ११७६, खाली ११८२ मिमी. उंची १०४५, १०४८, १०४८. चौकट कोनाड्याच्या आत बसवायची असती तर सगळ्यात लहान माप धरायचं आणि प्रत्येक बाजूला तीन मिमी सोडायचे. म्हणजे चौकट ११७० बाय १०३९. उरलेली फट ब्रश किंवा फोमच्या पट्टीने भरायची.

पण कर्ण मोजले तेव्हा एक १५७० आणि दुसरा १५७९ निघाला. खिडकी काटकोनात नव्हती, भिंतच तिरकी होती. बरोब्बर काटकोनातली चौकट अशा जागेत घातली की एका कोपऱ्यात अडकते आणि समोरच्या कोपऱ्यात फट पडते. माझा ठोकताळा असा आहे: कर्णांत पाच मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर आत बसवण्याच्या फंदात पडू नका. चौकट भिंतीवर किंवा खिडकीच्या पट्टीवर वरून बसवा, चारी बाजूंनी २५ मिमी जास्त ठेवून. मग जागा तिरकी असली तरी झाकली जाते. दिसायला थोडी जाड वाटते, इतकंच. वरून बसवताना बाजूची भिंत सपाट आहे का तेही पट्टी उभी धरून बघा. गिलाव्याला पोट असेल तर मागे फोमची पट्टी जाड घ्यावी लागेल.

पायरी ५: चौकट आणि जाळी ताणणं

नवशिक्यासाठी अ‍ॅल्युमिनियमचा खाच असलेला सेक्शन, म्हणजे चौकटीची तयार लांब पट्टी, सगळ्यात सोपा. जाळी खाचेत घालून वरून रबराची दोरी दाबायची, झालं. कोपऱ्यांसाठी प्लास्टिकचे तयार तुकडे मिळतात. सेक्शन कापण्याआधी कोपऱ्याचा तुकडा किती जागा खातो ते मोजून वजा करा, हे विसरलं की अख्खी चौकट दोन-तीन सेंटिमीटर मोठी होते. रबर विकत घेताना सेक्शनचा आणि जाळीचा तुकडा सोबत न्या आणि दुकानातच दाबून बघा. सैल बसलं तर जाळी पहिल्या वादळात सुटेल, फार घट्ट असेल तर अंगठे सोलवटतील.

जाळी बसवायची रीत अशी. चौकट जमिनीवर सपाट ठेवा, गुण्या लावून चारी कोपरे तपासा, कर्ण पुन्हा मोजा. जाळी चारी बाजूंनी दोन-दोन इंच जास्त कापा. जाळीचे धागे चौकटीच्या कडेला समांतर आलेत का ते डोळा खाली आणून बघा. तिरकी बसलेली जाळी पुढे कायम सुरकुतलेलीच दिसते. लांब बाजूपासून सुरुवात करा, दांड्याच्या टोकाला चाक असलेलं हत्यार मिळतं त्याने रबर दाबत जा. मग लगतची बाजू, मग पुढची. कोपऱ्यात रबर तोडू नका, स्क्रू ड्रायव्हरच्या बोथट टोकाने वळवून दाबा.

आणि ताणू नका. माझी पहिली चौकट मी पापड वाळत घालायच्या कापडासारखी चारी बाजूंनी ओढून ताणली. टिचकी मारली तर ढोलकीसारखी वाजत होती, मी खूश. खिडकीवर लावली तर मधोमध दोन्हीकडे पाच-पाच मिमी फट! चार फुटांच्या उभ्या पट्ट्या जाळीच्या ताणाने आत वाकल्या होत्या, चौकटीला चक्क कंबर आली होती. रबर दाबताना जाळी आपोआप ओढली जाते, तेवढा ताण पुरतो. हाताने फक्त सुरकुती जाईल इतकं सपाट धरायचं. खबरदारी म्हणून दोन उभ्या पट्ट्यांच्या मधोमध, आतल्या बाजूने, बरोब्बर मापाची एक लाकडी पट्टी तात्पुरती अडकवून ठेवा. सगळी जाळी बसल्यावर ती काढा. उंची चार फुटांपेक्षा जास्त असेल तर मधे आडवी पट्टी कायमचीच द्या.

जास्तीची जाळी शेवटी नव्या ब्लेडने कापा. ब्लेडची धार रबराच्या बाहेरच्या बाजूला आणि चौकटीकडे झुकलेली हवी. आतल्या बाजूने कापायला जाल तर एकदा हात घसरतोच.

पायरी ६: दार

खिडकी उघडी राहते, दार उघडतं-मिटतं. त्यामुळे दाराच्या जाळीचं काम वेगळं आहे, आणि कठीणही.

फ्लॅटमध्ये सोपा उपाय म्हणजे सेफ्टी डोअर. त्याच्या नक्षीला किंवा गजांना आतून जाळी लावली की मुख्य दार उघडं ठेवून वारा घेता येतो. मात्र दाराखालची अर्धा इंचाची फट आणि कुलपाच्या कडीसाठीचं भोक तसंच राहतं. खालून ब्रशची पट्टी लावा, फरशीला जेमतेम टेकेल अशी. फार दाबून लावली तर दार जड होतं आणि लोक ते लोटून बंद करायचं सोडून देतात.

अंगणात उघडणाऱ्या दाराला वेगळं जाळीचं दार करणार असाल तर ते बाहेर उघडणारं करा. संध्याकाळी डास जाळीवर बाहेरून बसलेले असतात. दार आत ओढलं की ते तुमच्याबरोबर घरात येतात, बाहेर ढकललं की दूर होतात. ते आपोआप बंद व्हायला हवं, म्हणून स्प्रिंगची बिजागरी घ्या. 'आम्ही लावून घेऊ' असं प्रत्येक घरात ठरतं, आणि भाजीची पिशवी दोन्ही हातांत असली की दार उघडंच राहतं. खालचा एक फूट भाग जाळीऐवजी पत्र्याचा किंवा प्लायचा करा, कारण लाथ, झाडू आणि मांजर तिथेच लागतात. कमरेच्या उंचीवर एक आडवी पट्टी हवी. लोक दार हँडलने उघडत नाहीत, तळव्याने जाळी ढकलतात.

बाल्कनीच्या दाराला चुंबकाचे पडदे मिळतात. हातात कपड्यांची बादली असताना ते सोयीचे पडतात, पण जोरात वारा आला की पडदा मधून उघडतो. खालच्या टोकाला वजन शिवून घेतलं तर बरंच निभावतं.

कौलारू घराबद्दल थोडं सांगायलाच हवं. गुहागरला आम्ही सगळ्या खिडक्या, दोन्ही दारं जाळीबंद केली आणि तरी डास होते. ते भिंत आणि कौलांच्या मधल्या मोकळ्या जागेतून येत होते, त्या उंचीवर आमचं लक्षच गेलं नव्हतं. आफ्रिकेतल्या गांबियात अशाच घरांवर एक चाचणी झाली होती, तिचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. खिडक्या-दारांना जाळी लावून छताखालच्या फटी बुजवलेल्या घरांत डास ५९ टक्क्यांनी कमी आढळले. आणि खिडक्या-दारांना हात न लावता नुसतं छताच्या पातळीवर जाळीचं आडवं आच्छादन केलेल्या घरांतही ते ४७ टक्क्यांनी कमी झाले. आम्ही मग झोपायच्या एका खोलीत भिंतीच्या माथ्यावर चारी बाजूंनी लाकडी पट्टी ठोकून जाळी आडवी ताणली. मधे लोंबू नये म्हणून दोन तारा टाकल्या. फरक पहिल्याच रात्री कळला. वरून पडणारा कौलांचा भुगा आणि पालीच्या लेंड्या अंथरुणात यायच्या थांबल्या, हा वरचा फायदा.

पायरी ७: राहिलेली भोकं

एसीच्या पाइपचं भोक पुटीने भरा. न्हाणीघराच्या सांडपाण्याच्या जाळीवर रात्री झाकण ठेवा. गच्चीवरच्या टाकीच्या ओव्हरफ्लो पाइपला जाळीचा तुकडा तारेने बांधा. सेप्टिक टँकची हवा बाहेर सोडणाऱ्या व्हेंट पाइपच्या तोंडाला तर नक्की बांधा. आपल्याकडचा आरोग्य विभाग वर्षानुवर्षं हे सांगतोय आणि बहुतेक सोसायट्या ऐकत नाहीत. एका पाइपातून निघणारे क्युलेक्स सगळ्या इमारतीला पुरतात.

सरकत्या खिडकीच्या खालच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूने बारीक खाचा असतात. त्या पावसाचं पाणी निघून जाण्यासाठी आहेत. डास येतात म्हणून त्यांत सिलिकॉन भरलंत तर जुलैत ट्रॅक भरून पाणी घरात येईल. खाचेवर बाहेरून जाळीचा छोटा तुकडा चिकटवा, आणि ट्रॅकमधली माती दर महिन्याला काढा.

एक्झॉस्ट फॅनच्या तोंडाला बारीक जाळी लावू नका. फोडणीचा तेलकट धूर महिन्याभरात ती बुजवतो. पंखा बंद झाला की आपोआप पडणाऱ्या झडपांचं शटर मिळतं, ते लावा.

आणि हे नीट वाचा: बाथरूममध्ये गॅस गिझर असेल तर तिथल्या झरोक्याला बारीक जाळी, चिकटपट्टी, फोम यातलं काहीही लावून हवा कोंडू नका. गिझर जळताना हवा पुरली नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नसतो आणि माणूस आंघोळ करता करता बेशुद्ध पडतो. खरं तर तो गिझरच बाथरूमबाहेर हलवायला हवा. डासांचा प्रश्न त्यानंतर.

जाळी लहान मुलाला अडवत नाही, हेही लक्षात असू द्या. मूल टेकलं की जाळी चौकटीसकट निघून जाते. ग्रील काढून 'आता जाळी आहेच' असं कुणी म्हणत असेल तर म्हणू देऊ नका. ग्रीलमध्ये आगीच्या वेळी बाहेर पडायची झडप असेल तर तिच्यासमोरची जाळी हत्याराशिवाय, एका हाताने निघाली पाहिजे.

पायरी ८: तपासणी, आणि पैसे त्यानंतर

रात्री खोलीत अंधार करा, बाहेरून बॅटरी कडेने हळूहळू फिरवा, आतल्याने उजेडाच्या रेघेवर खडूने खूण करायची. वरच्या मजल्यावर बाहेरून जाता येत नसेल तर दुपारी पडदे लावून, खोली काळोखी करून आतूनच बघा. उन्हाची रेघ दिसते. त्यानंतर व्हिजिटिंग कार्ड घेऊन कडा तपासा. कार्ड फटीत न अडकता सैल आत-बाहेर होत असेल तर ब्रश कमी पडतोय. कोपऱ्यांत जास्त वेळ द्या. आमच्या खिडकीत खालचा ब्रश कोपऱ्याच्या एक इंच आधीच संपला होता. कापणाऱ्याने अंदाजाने कापला होता, आणि ती एक इंचाची जागा मी चार दिवस जाळीच्या भोकांत शोधत होते.

फॅब्रिकेटरला उरलेले पैसे या तपासणीनंतर द्यायचे, हे काम देतानाच ठरवा. चौरस फुटाचा भाव विचारताना त्यात ब्रश, बिजागऱ्या आणि बसवणावळ धरली आहे का ते विचारा. लहान झरोक्यालाही ठरावीक किमान चौरस फूट लावतात का तेही. किनाऱ्यावर असाल तर स्क्रू स्टेनलेसचे हवेत असं लिहून घ्या, नाहीतर जाळी शाबूत आणि स्क्रू गंजून गेलेले अशी अवस्था दोन पावसाळ्यांत येते.

पुढची देखभाल

फारशी नाही. महिन्याला मऊ ब्रशने धूळ झाडा, वर्षातून दोनदा, एकदा दिवाळीच्या आधी आणि एकदा पावसाळ्याच्या तोंडावर, काढून साबणाच्या पाण्याने धुवा. प्रेशरचं पाणी मारू नका, रबर सुटतं. लहान भोक पडलं तर त्याच जाळीचा तुकडा मागून शिवा किंवा पारदर्शक गोंदाने चिकटवा. ब्रशचे केस चपटे झाले की ब्रश बदला, तो जाळीच्या आधी संपतो आणि मीटरवर स्वस्तात मिळतो.

जूनमध्ये पहिल्या पावसानंतर दिव्यावर पंखवाल्या वाळवीचे थवे येतात, त्या दोन-तीन रात्री खिडकीजवळचा दिवा बंदच ठेवा. जाळी त्यांना अडवते, पण सकाळी चौकटीच्या खालच्या पट्टीत पंखांचा खच पडलेला असतो. तो तसाच राहिला तर ओला होऊन ट्रॅकच्या खाचा बुजवतो. सासूबाई तो सुपलीत भरून परसात नेऊन टाकतात. कोंबड्या वाटच बघत असतात.